चेहराच नाही, मग हे चित्र 'काळं' कसं? आफ्रिकी अमूर्त चित्रकलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रं कशी पाहायची याचे छोटे वर्ग मी घेते. त्यात आफ्रिकेतल्या अमूर्त चित्रांचा दिवस आला की पडद्यावर पहिली स्लाइड पडायच्या आत प्रश्न सुरू होतात, आणि दर वेळी साधारण तेच असतात. म्हणून एकदा लिहूनच काढले. उत्तरांची लांबी कमीजास्त आहे. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींत अडकून पडावंसं वाटतं.

अमूर्त म्हणजे ज्यात काहीच ओळखू येत नाही ते, असंच ना?

ढोबळ मानाने हो. पण इथे ती व्याख्या जरा सैल सोडा. सुदानच्या इब्राहिम एल-सलाहींच्या चित्रात झाड असतं, फ्रँक बोलिंगच्या रंगाखाली नकाशा असतो, जूली मेहरेतूच्या थरांत इमारतींचे आराखडे असतात. 'मग हे शुद्ध अमूर्त नाही' म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. सोवळंओवळं पाळायला आपण बसलेलो नाही.

ही शैली युरोपातून आली ना? म्हणजे तिकडच्यांची नक्कलच झाली की.

हा प्रश्न दर वर्षी पहिल्या पाचांत असतो. १९०७ साली पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात गेला आणि तिथले आफ्रिकी मुखवटे पाहून हादरला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. युरोपातल्या आधुनिक चित्रकलेने माणसाचा चेहरा मोडून त्याची कोनाकोनांनी फेरमांडणी केली, त्यामागे आफ्रिकेतून उचलून आणलेल्या वस्तू होत्या. तरी आफ्रिकेतला चित्रकार तेच करायला लागला की तो नकलाकार, आणि पिकासो मात्र प्रतिभावंत!

आता नायजेरियातली 'उली' पाहा. तिथल्या इग्बो समाजातल्या बायका वनस्पतीच्या रसाने अंगावर नक्षी काढत. काढताना फिकी, काही तासांनी काळपट होणारी आणि आठवड्याभरात पुसट होऊन जाणारी. आपल्या मेंदीशी ताडून पाहता येईल, पण मेंदी हात भरून टाकते, तर उलीचा जीव मोकळ्या जागेत असतो. एक बाकदार रेघ, शेजारी एक ठिपका, आणि मग बरीचशी नुसती कातडी. भिंतींवरही उली काढत, मातीच्या रंगांनी. पावसाळा आला की ती धुऊन जाई आणि पुन्हा काढावी लागे.

उचे ओकेके या चित्रकाराची आई उली काढण्यात तरबेज होती. १९५८ साली झारिया इथल्या कॉलेजात ओकेके, डेमास न्वोको, ब्रूस ओनोब्राकपेया, युसुफ ग्रिलो वगैरे विद्यार्थ्यांनी मिळून झारिया आर्ट सोसायटी काढली. शिकवणारे बहुतेक ब्रिटिश, अभ्यासक्रम युरोपचा. या पोरांचं म्हणणं होतं की युरोपचं तंत्र टाकायचं नाही आणि घरचं तर त्याहून टाकायचं नाही. १९६० साली, नायजेरिया स्वतंत्र झाला त्याच सुमारास, ओकेकेंनी या भूमिकेला 'नैसर्गिक संयोग' अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे बियाफ्राचं युद्ध, म्हणजे नायजेरियातलं यादवी युद्ध, संपल्यावर ते एनसुक्का विद्यापीठात शिकवू लागले आणि उलीची रेघ तिथल्या एका अख्ख्या पिढीच्या हातात गेली.

एक सावधगिरी मात्र बाळगा. उली काढणारी इग्बो बाई 'अमूर्त चित्र' काढत नव्हती, ती लग्नाची, सणाची तयारी करत होती. वादात जिंकण्यासाठी 'आफ्रिकेत अमूर्त हजार वर्षांपासून होतंच' असं ठोकून देणारे लोक मला नकलेचा आरोप करणाऱ्यांइतकेच आळशी वाटतात. अंगावरची रेघ कागदावर आली तेव्हा ती बदलली. ओकेकेंचं कर्तृत्व त्या बदलात आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या रंगीत घरांचं काय? तीही अमूर्तच ना?

एनडेबेले या तिथल्या जमातीची घरं. जाड काळ्या रेघांच्या चौकटीत भरलेले निळे, पिवळे, गुलाबी भौमितिक आकार. १८८३ साली बोअर, म्हणजे मूळ डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या, सैन्याने एनडेबेलेंना हरवलं, जमिनी घेतल्या आणि लोकांना गोऱ्यांच्या शेतांवर वेठीला लावलं. त्यानंतरच्या पिढ्यांत बायकांनी रंगवलेली भिंत हीच 'आम्ही अजून आहोत' म्हणायची एक जागा झाली. एस्तर महलांगू वयाच्या दहाव्या वर्षी आई-आजीकडून हे शिकल्या. त्या कोंबडीच्या पिसाने रंगवतात. पट्टी नाही, आधी काढलेलं कच्चं रेखाटन नाही, तरी रेघ सरळ. १९८९ साली त्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेल्या आणि १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूची गाडी रंगवली. गाडीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, १८८३ कुणाला माहीत नसतं.

'आफ्रिकी' आणि 'कृष्णवर्णीय' एकच नाही का?

नाही, आणि हा घोटाळा निस्तरला तर अर्धं काम होतं. नायजेरियातल्या एनुगूत राहणारा माणूस स्वतःला इग्बो म्हणेल, ख्रिस्ती म्हणेल, अमक्या घराण्याचा म्हणेल. 'काळा' हा त्याच्या ओळखीतला पहिला शब्द असायचं कारण नाही, कारण आजूबाजूला सगळेच तसे. तोच अमेरिकेत उतरला की विमानतळापासून तो आधी काळा, मग बाकी सगळं. चित्रकार ओडिली डोनाल्ड ओडिटा १९६६ साली एनुगूत जन्मले. बियाफ्राच्या युद्धामुळे घरच्यांनी देश सोडला तेव्हा ते तान्हे होते, वाढले ओहायोत. वडील झारिया आर्ट सोसायटीतलेच. ओडिटा भिंतभर धारदार रंगपट्टे काढतात, प्रत्येक छटा हाताने मिसळलेली. एक रंग शेजारच्या रंगामुळे कसा वेगळा दिसू लागतो, यावर त्यांचं सगळं काम उभं आहे. हे वंशाबद्दल आहे की रंगाबद्दल, असं मला विचारतात. मराठीत 'वर्ण' या एका शब्दात दोन्ही आहे, त्यामुळे आपल्याला तरी हा प्रश्न पडू नये.

उलट बाजूने पाहा. 'सुदान' हे नावच मुळी अरबीतल्या 'काळ्या लोकांचा मुलूख' या शब्दांतून आलं, पण खार्तूममधल्या चित्रकाराच्या हातात अरबी सुलेखन असतं. मोरोक्कोत मोहम्मद मेलेही लाटांची चित्रं काढत होते. १९६९ साली त्यांनी आणि कासाब्लांकाच्या मित्रांनी मराकेशच्या जामा अल-फ्ना चौकात, गारुडी आणि खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत, उघड्यावर चित्रं लावली. त्यांची भाषा अरब आणि अमाझिग (उत्तर आफ्रिकेतले मूळचे बर्बर लोक) वारशाची. आफ्रिकी नक्की, पण काळेपणाच्या चर्चेत त्यांना ओढून बसवायचं कारण नाही.

आफ्रिकेतला पहिला अमूर्त चित्रकार कोण?

'पहिला' हे बिरुद देताना मी बिचकते, पण अर्नेस्ट मँकोबा (१९०४–२००२) हे नाव अगदी सुरुवातीला येतं. जन्म जोहान्सबर्गचा. आधी लाकडात शिल्पं करत. १९३६ साली जोहान्सबर्गला ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. सरकारी खात्याने त्यांना नोकरी देऊ केली : पर्यटकांना विकण्याजोग्या 'देशी' वस्तू बनवायच्या आणि इतर तरुणांकडून बनवून घ्यायच्या. पगार बरा होता. मँकोबा नाही म्हणाले आणि १९३८ मध्ये पॅरिसला गेले.

तिथेही नशीब सरळ नव्हतं. जर्मनांनी पॅरिस घेतलं. मँकोबा ब्रिटिश प्रजाजन, म्हणून १९४० मध्ये त्यांना सँ-दनीच्या छावणीत डांबलं. छावणीतच १९४२ साली डॅनिश शिल्पकार सोन्या फेर्लोव्ह यांच्याशी लग्न झालं. त्याच १९४० सालचं त्यांचं एक लहानसं तैलचित्र आहे. मुखवट्याची आठवण करून देणारा आकार त्यात रंगांच्या तुकड्यांत विरत जातो. डोळा शोधायला जावं तर डोळ्याच्या जागी नुसती रंगाची चकती भेटते. पुढच्या कामात हा आकार आणखी पातळ होत गेला. शेवटच्या दशकांत कागदावर शाईच्या खुणा उरल्या, त्यांत माणूस आहे की अक्षर, ठरवता येत नाही.

युद्धानंतर ते 'कोब्रा' या गाजलेल्या उत्तर युरोपीय गटात होते. त्या गटाच्या इतिहासांत त्यांचं नाव कितीतरी वर्षं गाळलं गेलं. मायदेशात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं ते १९९४ साली, वर्णद्वेषी राजवट संपल्यावर. तोवर नव्वदी आली होती.

लोक मरत असताना रंगाचे पट्टे काढायचे? हे लढ्यापासून पळणं नाही का?

हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत फार गांभीर्याने विचारला गेला. १९८२ साली शेजारच्या बोत्स्वानात, गॅबोरोनला भरलेल्या परिषदेत 'संस्कृती हे लढ्याचं हत्यार' असा सूर होता. अशा काळात डेव्हिड कोलोआनी आणि बिल एन्स्ली या चित्रकारांनी १९८५ साली 'थुपेलो' कार्यशाळा सुरू केल्या. दोन आठवडे, भरपूर रंग, मोठे कॅनव्हास, विषयाची सक्ती नाही. बरेचजण अमूर्ताकडे वळले. टीका झाली, की ही अमेरिकेची आयात आहे, लढ्याला तिचा काय उपयोग.

कोलोआनींचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. काळ्या चित्रकाराने काय काढावं हे आधीच ठरलेलं होतं : वस्तीतल्या पत्र्याच्या खोल्या, रडकी मुलं, रस्त्यावरचा बाजा. गोऱ्या गिऱ्हाइकाला हेच हवं असे. या मालाला 'टाउनशिप आर्ट' असं नावही होतं. ज्या राजवटीने माणसाने कुठे राहायचं, कुठल्या बाकड्यावर बसायचं, हे कातडीवरून ठरवलं, तिथे त्याने काय रंगवायचं हेही तसंच ठरत होतं. या हिशेबाने रिकाम्या कॅनव्हासवर मनाला येईल ते करणं हीच आगळीक होती.

कोलोआनींना चित्रकलेची वाट दाखवणारा त्यांचा शाळासोबती लुई माकुबेला. त्याने १९६६ साली एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवून युरोपचा प्रवास केला, परतल्यावर वस्तीची चित्रं सोडली आणि पातळ, उजळ रंगथरांत बारीक रेघा कोरू लागला. १९७० च्या दशकात देशही सोडला.

आणि गंमत पाहा, १९८९ साली खुद्द लढा चालवणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ॲल्बी सॅक्स यांनी सुचवलं की 'संस्कृती हे हत्यार' म्हणण्यावर आपण पाच वर्षं बंदी घालू या. अर्धं थट्टेत, अर्धं खरं. वर्षभरापूर्वीच्या बॉम्बहल्ल्यात त्यांनी एक हात गमावला होता, तेव्हा लढा टाळायचाय म्हणून बोलतायत असं कुणी म्हणू शकलं नाही.

एकच चित्रकार नीट समजून घ्यायचा असेल तर?

एल-सलाही. जन्म १९३०, ओमदुरमान. वडील कुराण शिकवत, त्यामुळे लाकडी पाटीवर अक्षरं गिरवत हात बसला. १९५४ ते ५७ लंडनच्या स्लेड कॉलेजात शिकले, परतल्यावर खार्तूमच्या ग्रँड हॉटेलात प्रदर्शन लावलं. उद्घाटनाला पाहुणे आले, नंतर कुणी फिरकलंच नाही. लंडनमध्ये शिकलेलं सगळं इथे परकं ठरलं होतं.

ते देशभर हिंडले. लोकांच्या घरी भिंतीवर काय असतं ते पाहिलं : सुलेखन, टोपल्यांवरची नक्षी, लाकडावरचं कोरीवकाम. मग चित्राच्या कोपऱ्यात बारीक अरबी अक्षरं लिहू लागले. लोक चार पावलं जवळ आले. पुढे त्यांनी ती अक्षरंच फोडली. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा उघडली आणि तिथून लांबट चेहरे, शिंगं, पक्षी बाहेर पडायला लागले. मातकट तपकिरी, करडा, काळा, एवढ्याच रंगांत.

१९७५ साली सरकारविरोधी कटाच्या संशयावरून त्यांना अटक झाली. खटला न चालवता सहा महिने खार्तूमच्या कोबर तुरुंगात. कागद-पेन्सिल सापडली तर एकांतकोठडी. ते हाती लागेल त्या चिटोऱ्यावर काढत आणि वाळूत पुरून ठेवत. चिटोरा केवढासा, म्हणून एकावर छोटं काहीतरी काढायचं आणि मनातल्या मनात पुढचा चिटोरा त्याला जोडायचा. सुटल्यावर त्यांची मोठी चित्रंही तशीच वाढली : एक कागद, त्याला लागून दुसरा, चित्र किती मोठं होणार हे आधी माहीत नाही. १९८४-८५ चं त्यांचं एक गाजलेलं काम असे नऊ तुकडे जोडून झालंय.

आणि हराझचं झाड. नाईलकाठी वाढणारी ही बाभळीच्या कुळातली जात पावसाळ्यात बोडकी असते, आणि सगळं रान करपलं की हिला पालवी फुटते. एल-सलाही वर्षानुवर्षं हे झाड काढत आलेत, पण पानाफांद्यांचं नव्हे. उभ्या पट्ट्या, त्यांत रंग, मधे कापलेलं अंतर. 'याला झाड का म्हणायचं?' असं वर्गात कुणीतरी विचारतंच. मी ऋतूंचं सांगते, मग पुन्हा स्लाइड लावते.

२०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. त्या संग्रहालयात असा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकी चित्रकार. तेव्हा वय ८२.

'नेग्रित्यूद' म्हणजे काय, आणि चित्रकारांना ती का जाचली?

काळेपणाचा अभिमानाने स्वीकार करणारी ही फ्रेंच भाषकांची साहित्यिक चळवळ. तिचे एक प्रवर्तक लिओपोल्ड सेंघोर पुढे सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष झाले, कवी आणि सत्ताधीश एकाच खुर्चीत. १९६६ साली त्यांनी डाकारला कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरवला. चित्रकारांना पैसा, शाळा, मान सगळं मिळालं. अडचण एवढीच, की काळा माणूस म्हणजे लय, भावना, अंतःप्रेरणा हे समीकरण सरकारी झालं. तिथेच शिकवणारे चित्रकार इबा न्दियाय म्हणत, आधी कसब शिका, अंतःप्रेरणा कुणाच्या रक्तातून गळत नाही. ते पॅरिसला निघून गेले. वाघ आपल्या वाघपणाची दवंडी पिटत फिरत नाही, हा नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांचा टोला याच काळातला.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अमूर्त चित्रकारांची गोष्ट वेगळी आहे का?

भूमी वेगळी, कोंडी तीच. हॉवर्डेना पिंडेल यांना सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, सांगण्यात आलं की ही चित्रं शहराच्या खालच्या भागातल्या (डाउनटाउनच्या) गोऱ्या पोरांबरोबर लावा. खालच्या भागातही दारं सहज उघडली नाहीत. मधे कुठेतरी उभ्या राहून त्या कागदाला पंचिंग मशीनने भोकं पाडत होत्या, आणि पडलेल्या हजारो टिकल्यांवर आकडे लिहून त्या कॅनव्हासवर चिकटवत होत्या.

वर्तुळच का? लहानपणी वडिलांबरोबर केंटकीत फिरताना एका टपरीवर त्या थंड रूट बिअर (नावात बिअर असलं तरी बिनदारूचं गोड पेय) प्यायल्या. पेल्याच्या बुडाशी लाल गोल होता. काळ्यांना द्यायची भांडी वेगळी कळावीत म्हणून ती खूण. हे सांगताना वर्गात माझा आवाज आपोआप खाली येतो, कारण वेगळा ठेवलेला कप ही गोष्ट इथे कुणाला समजावून द्यावी लागत नाही.

फ्रँक बोलिंग यांचा जन्म ब्रिटिश गयानातला, १९३४ सालचा. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी भल्याथोरल्या कॅनव्हासवर दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे नकाशे जेमतेम दिसतील एवढेच ठेवले आणि वरून लाल-पिवळ्या-हिरव्याचे लोंढे सोडले. १९७० च्या त्या चित्राचं नाव गुलामांना अटलांटिकपार नेणाऱ्या सागरी वाटेचं आहे. म्हणजे विषय टाळलेला नाही. पण त्याच वर्षांत ते लेख लिहून बजावत होते की काळ्या चित्रकाराचं चित्र आधी चित्र म्हणून बघा. टेट ब्रिटनने त्यांचं सिंहावलोकन भरवलं २०१९ मध्ये, वय ८५. मँकोबा ९०, एल-सलाही ८२, बोलिंग ८५. हे आकडे मी फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवते.

मग आज सगळीकडे काळ्या माणसांची पोर्ट्रेट्सच का दिसतात?

कारण शतकानुशतकं संग्रहालयांच्या भिंतींवर तो चेहरा नव्हताच, किंवा होता तो नोकराचा. ती भरपाई हवीच होती. केपटाउनच्या झाइट्झ संग्रहालयाने २०२२ साली कोयो कुओ यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय आकृतिचित्रांच्या शंभर वर्षांचं प्रदर्शन भरवलं, ते गरजेचं होतं. माझी तक्रार बाजाराबद्दल आहे. काळा चित्रकार म्हणजे काळा चेहरा, असा नवा साचा लिलावघरांनी पाडला, आणि तो जुन्या 'टाउनशिप आर्ट'च्या फार दूर नाही. जेडे फादोजुतिमीसारखी लंडनची नायजेरियन वंशाची तरुण चित्रकार ॲनिमेच्या (जपानी कार्टूनपटांच्या) रंगांवर पोसलेली अमूर्त चित्रं काढते, तेव्हा मला बरं वाटतं.

यांना पैसे मिळतात का?

काहींना, उशिरा. जूली मेहरेतू (जन्म अदिस अबाबा, १९७०) यांचं २००८ सालचं एक चित्र नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १.०७ कोटी डॉलरला गेलं. आफ्रिकेत जन्मलेल्या कलाकारासाठी तो विक्रम होता. मात्र लिलावातला पैसा चित्र विकणाऱ्या मालकाला जातो, चित्रकाराला नव्हे.

मेहरेतूंच्या चित्रात मला नुसत्या रेघोट्या दिसल्या. मी काय चुकवतोय?

बहुधा अंतर. २०१२ साली जर्मनीत कासेलला दाखवलेल्या त्यांच्या चार भागांच्या चित्राला कैरोच्या तहरीर चौकातल्या सरकारी कचेरीचं नाव आहे, मोगम्मा. प्रत्येक भाग दीड मजल्याएवढा उंच. लांबून करडं धुकं दिसतं. पाच पावलं पुढे या, तर खिडक्या, कमानी, जिने यांच्या बारीक रेषा : तहरीर चौक, अदिस अबाबाचा मेस्केल चौक, जिथे जिथे माणसं जमली त्या जागा एकमेकांवर रचलेल्या. रंगाचा पारदर्शक थर, घासून गुळगुळीत, त्यावर पुन्हा रेखाटन, पुन्हा थर. सगळ्यात वर हाताचे झपकारे, खोडल्यासारखे. माणूस एकही नाही, तरी गर्दीचा भास होतो. फोनच्या पडद्यावर यातलं काहीच दिसणार नाही.

एल अनात्सुईंना यात का घेतलं नाही?

ते मूळचे शिल्पकार. दारूच्या बाटल्यांची बुचं तांब्याच्या तारेने गुंफून त्यांनी केलेली झुलती 'कापडं' भिंतीवर असतात, म्हणून लोक त्यांना चित्रं समजतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवते.

मराठी माणसाला याच्याशी काय देणंघेणं?

ओढूनताणून नातं जोडायला मला आवडत नाही, पण दोन धागे खरे आहेत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. दुसरा धागा वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, शिक्षण जे. जे.चं. 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःच्या चित्रांसाठी पटत नसे. त्यांच्यासमोर लोक मौन, ध्यान, झेन असले शब्द काढतात. 'तुमच्या चित्रात तुमचा समाज कुठे दिसतो?' हे त्यांना फारसं विचारलं गेलं नाही. मँकोबांना, कोलोआनींना जन्मभर तेच विचारलं गेलं. हा फरक का, यावर वर्गात एकदा दीड तास भांडण झालं, आणि चहा थंड झाला.

सुरुवात कुठून करू? सोपं काहीतरी सांगा.

घानाच्या अट्टा क्वामींपासून (१९५६–२०२१). कुमासीच्या रस्त्यांवरच्या टपऱ्या, त्यांच्या रंगवलेल्या फळ्या, विणलेल्या कापडाचे पट्टे, हे सगळं त्यांच्या चित्रात येतं, पण टपरी म्हणून नाही. एक नारिंगी पट्टी, तिला टेकलेली फिकट निळी, मधली जोडरेघ जरा वाकडी. पट्टीने आखलेली नाही, हे लगेच कळतं. २०२१ मध्ये त्यांना मरिया लास्निग पुरस्कार मिळाला, त्यात लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीबाहेर भित्तिचित्र करायचं होतं. त्याच वर्षी ते गेले. २०२२ मध्ये त्यांची पत्नी, चित्रकार पामेला क्लार्कसन यांच्या मदतीने ते पूर्ण झालं. नाव एवे भाषेत आहे, अर्थ साधारण 'आनंद आणि कृपा'. आईचं नाव ग्रेस, तीही चित्रकार होती.